शुक्रवारी रात्री टिकेल असा सर्व्हर

हरिहर गडाच्या पायऱ्या भर पावसात चढाव्यात का, अलंग किल्ल्यावरच्या टाक्यांना एप्रिलमध्ये पाणी असतं का, बेलपाड्यात रात्री १० ला पोचलो तर कुणाच्या ओसरीवर पथारी टाकता येईल, हे प्रश्न लोकांना शुक्रवारी रात्री पडतात. सॅक भरून झालेली असते, पहाटेची कसारा लोकल पकडायची असते आणि हातात फोन असतो. आमच्या भटक्या मंडळाच्या साइटवर २००३ पासूनच्या ११,००० च्या वर नोंदी आणि ४०,००० च्या आसपास फोटो आहेत. सगळं सभासदांनी स्वतःच्या पायांनी फिरून लिहिलेलं. बरीचशी माहिती कुठल्या पुस्तकात मिळायची नाही, कारण टाकं आटलं, वाट ढासळली, एसटीची वेळ बदलली हे सांगायला कुणीतरी गेल्याच रविवारी तिथे जाऊन आलेलं असावं लागतं.

ही साइट २०२२ च्या जुलैत नेमकी शुक्रवारी रात्री बंद पडली.

पडली म्हणजे सर्व्हर बिघडला नव्हता. जिच्या सर्व्हरवर आम्ही भाड्याने जागा घेतली होती, त्या होस्टिंग कंपनीने आमचं खातं थांबवून ठेवलं होतं. पानावर इंग्रजीत दोन ओळी, की तुम्ही ठरल्यापेक्षा जास्त ताण दिला आहे, संपर्क साधा. मी रात्री सव्वानऊला तक्रार नोंदवली. उत्तर रविवारी सकाळी ११ ला आलं, जवळजवळ ३८ तासांनी. त्याच शनिवारी सहा जणांचा एक गट माळशेजच्या बाजूला एका ओढ्यापलीकडे अडकला. ‘वर पाऊस लागला की हा ओढा तासाभरात छातीएवढा होतो’ अशी त्या वाटेबद्दलची ठळक सूचना आमच्याकडे २००९ पासून आहे. त्यांनी ती शुक्रवारी शोधली होती, त्यांना बंद पान दिसलं. रात्रभर भिजत बसले, सकाळी पाणी उतरल्यावर अलीकडे आले. सगळे धड आले. पण त्यांच्यातल्या एका मुलीने सोमवारी फोनवर मला साधेपणाने विचारलं, “ताई, साइट परवा का नव्हती गं?” आणि मला उत्तर देता येईना.

मी पेशाने लेखापाल. संगणकाचं रीतसर शिक्षण नाही. मंडळाचे हिशेब बघते म्हणून होस्टिंगचं बिल माझ्याकडे, आणि बिल माझ्याकडे म्हणून हे काम माझ्याकडे आलं. त्या सोमवारी पहिल्यांदा मी आमच्या कंपनीचा करारनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, जसा ताळेबंदाच्या खालच्या टिपा वाचते तसा.

जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ होतं. करारात आत खोलवर लिहिलेलं होतं की एका खात्यात जास्तीत जास्त २,५०,००० फाइली ठेवता येतील आणि प्रोसेसरचा वापर ठराविक मर्यादेपलीकडे गेला तर पूर्वसूचनेशिवाय खातं थांबवता येईल. आता आमचा हिशेब बघा. एक फोटो चढवला की साइट त्याच्या चार लहानमोठ्या प्रती करून ठेवते. म्हणजे ४०,००० फोटोंच्या झाल्या २,००,००० फाइली. वर नकाशे, वाटांच्या जीपीएस नोंदी, साइटच्या स्वतःच्या फाइली. आम्ही दोन वर्षं काठावरून चालत होतो आणि आम्हाला पत्ताही नव्हता. शिवाय शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो साइटी नांदतात. आमची गर्दी पावसाळ्यातल्या शुक्रवारी रात्री एकदम उसळते, त्यामुळे शेजाऱ्यांना त्रास होणारच. करार त्यांच्या बाजूने चोख होता. आपण तो वाचला नाही, ही चूक माझी होती.

मला त्याहून जास्त हादरवलं ते दुसऱ्या गोष्टीने. आमचे बॅकअप त्याच कंपनीच्या, खातं सांभाळायच्या पॅनेलमध्येच होते. खातं थांबलं तेव्हा पॅनेलही बंद झालं. ते ३८ तास आमच्या १९ वर्षांच्या नोंदींची एकही प्रत आमच्या हातात नव्हती.

ही भीती आमच्याकडे जुनी आहे. सुरुवातीची सगळी देवाणघेवाण याहू ग्रुप्सवर होती. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये याहूने जाहीर केलं की १४ डिसेंबरला ग्रुपमधला साठा पुसून टाकणार. पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढली आणि त्या वर्षीच्या १५ डिसेंबरला ग्रुप्स कायमचे बंद झाले. डोंबिवलीचे आमचे काका, आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ, तेव्हा रोज रात्री बसून मेल उतरवून घेत होते. मजकूर बहुतेक वाचला. फोटोंचे काही संग्रह गेले ते गेलेच. एका दरडीने मोडलेल्या वाटेचे दरडीआधीचे एकमेव फोटो त्यांत होते. ऑर्कुटवरच्या चर्चांचंही तेच झालं होतं, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. म्हणून यावेळी मी ठरवलं, नवीन जागा बघताना पहिला प्रश्न आत कसं शिरायचं हा नाही. बाहेर कसं पडायचं हा.

मंडळाच्या बैठकीत अर्थातच सूर निघाला की एवढा खटाटोप कशाला, व्हॉट्सॅप ग्रुप पुरे. मला हे म्हणणं समजतं, माणसं तिथेच असतात. पण २००९ ची ओढ्याची सूचना व्हॉट्सॅपवर २०२२ मध्ये कुणाला सापडेल? नव्या सभासदाला तेव्हा जुना मजकूर दिसतच नव्हता. फेसबुक ग्रुपबद्दलही असाच आग्रह झाला. त्यावर काका एवढंच म्हणाले, “गेल्या वर्षी ४ ऑक्टोबरला ते दोन्ही एकदम सहा तास बंद होते. आपण कुणाला फोन लावला असता?” विषय तिथे संपला.

मग मी पाच कंपन्या निवडल्या आणि पाचही जणांना एकच पत्र पाठवलं, मुद्दाम शनिवारी रात्री ११ वाजता. पत्रात प्रश्न साधे होते. आमचा संपूर्ण डेटाबेस आणि फाइली तुम्हाला न विचारता, केव्हाही, स्वतः उतरवून घेता येतील का? खातं थांबवायची वेळ आली तर आधी कळवाल का, आणि थांबलेल्या खात्यातून डेटा काढता येतो का? बॅकअप कुठे असतो, त्याच इमारतीत का? दोघांनी २० मिनिटांत उत्तर दिलं, पण ते तयार साच्यातलं, प्रश्नांना हात न लावणारं. दोघांचं उत्तर आलंच नाही. एकाने रविवारी दुपारी प्रत्येक प्रश्नाखाली दोन-दोन वाक्यं लिहिली, आणि एका ठिकाणी स्पष्ट म्हटलं की थांबलेल्या खात्याचा डेटा ते सात दिवस ठेवतात, त्यानंतर हमी नाही. मला हे उत्तर सगळ्यांत आवडलं. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्या हो ला वजन असतं.

‘९९.९ टक्के अपटाइम’, म्हणजे साइट तेवढा वेळ चालू राहील, हा आकडा सगळ्यांच्याच पानावर होता. तो तासांत मांडून बघावा. ९९.९ म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९ म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त. आणि हे तास कधी येतील ते कुणी सांगत नाही, आमच्यासाठी मंगळवार दुपार आणि शुक्रवार रात्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हमी मोडली तर मिळतं काय, तर बहुतेक करारांत पुढच्या बिलात थोडी सूट. म्हणजे आमच्या बाबतीत शंभर-दीडशे रुपये. त्या ओढ्याकाठच्या रात्रीची भरपाई त्यात बसत नाही. त्यामुळे मी त्या आकड्यावर फारसा वेळ घालवला नाही.

बॅकअप कुठे असतो या प्रश्नावर मात्र मी अडून बसले, त्याचं कारण स्ट्रासबर्ग. १० मार्च २०२१ ला पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळून गेली, शेजारच्या इमारतीचा काही भागही. लाखो साइटी बंद पडल्या. जीवितहानी झाली नाही, पण ज्यांचे बॅकअप तिथेच होते त्यांचा डेटा राखेत गेला. आपण ‘क्लाउड’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे ढग येतो. प्रत्यक्षात ती कुठल्या तरी रस्त्यावरची इमारत असते, तिला वायरिंग असतं, बॅटऱ्या असतात, आणि ती पेटू शकते.

पैशाचं गणित माझ्या प्रांतातलं, तेही सांगते. परदेशी कंपन्यांचे दर डॉलरमध्ये दिसायला बरे असतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा आकार. आमचं मंडळ जीएसटीत नोंदलेलं नाही, म्हणजे भरलेल्या कराची वजावट नाही. आणि मोठी अडचण वेगळीच. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले, तेव्हा अनेकांच्या कार्डावरून परदेशी सेवांचे हप्ते जायचेच थांबले. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण सर्व्हरचा हप्ता गेला नाही हे आपल्याला साइट बंद पडल्यावर कळलं, तर काय उपयोग? म्हणून रुपयांत बिल देणारी, बँकेतून थेट पैसे घेणारी कंपनी हवी, हे ठरलं.

तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर दर जवळजवळ निम्म्यावर येत होता. खजिनदार म्हणून हात शिवशिवले. नाही घेतलं. तीन वर्षांचे पैसे अडकले की पाय निघत नाही, आणि पाय निघायला हवा यासाठीच तर सगळं चाललं होतं. आम्ही तीन-तीन महिन्यांचे भरतो.

शेवटी त्याच रविवार दुपारच्या उत्तरवाल्या कंपनीकडे, मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, आमच्यापुरता वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे मोठ्या यंत्रातला आमच्यासाठी राखलेला हिस्सा, घेतला. ४ जीबी मेमरी, ८० जीबी डिस्क. कर धरून महिना अडीच हजारांच्या आत. जर्मनीतला याहून स्वस्त मिळत होता, आणि खरं सांगायचं तर वेगात जाणवेल इतका फरक पडला नसता. पान उघडायला उशीर होतो तो अंतरापेक्षा पानाच्या वजनामुळे. पायथ्याच्या गावात एक कांडी रेंज असते, तिथे दोन एमबीचा फोटो मुंबईहून काय नि फ्रँकफर्टहून काय, सारखाच रखडतो. आम्ही फोटो हलके केले आणि पाण्याची, धोक्याची सूचना पानात सगळ्यांत वर आणली, त्याने सर्व्हरपेक्षा जास्त फरक पडला. साइटसाठी डिस्कोर्स हे चर्चामंचाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर निवडलं, तिथेही कारण तेच. सगळा साठा एका फाइलमध्ये बांधून कुठेही उघडता येतो.

हलवाहलवीचं काम नाशिकच्या आमच्या एका तरुण सभासदाने केलं. तो रोज सर्व्हरच सांभाळतो. पहिल्या प्रयत्नात सगळा मजकूर नव्या जागी आला आणि अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ११,००० नोंदी, ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. माझ्या पोटात गोळा आला. तो शांतपणे म्हणाला, “ताई, थांब. मूळ प्रत जागेवर आहे, आपण फक्त नक्कल बिघडवली.” जुन्या डेटाबेसमध्ये मराठी मजकूर इंग्रजीच्या खणात कोंबलेला होता. दाखवताना जुनी साइट तो बरोबर वाचत होती, म्हणून कुणाला कधी कळलं नाही. एखाद्याने गव्हाच्या डब्यावर ‘तांदूळ’ लिहून ठेवावं आणि घरच्यांना ते माहीत असावं, तसं. बाहेरच्याने लेबल वाचून वागायचं ठरवलं की घोळ होतो. चौथ्या प्रयत्नात मराठी नीट उतरलं.

आणि मग मराठीची खास अडचण समोर आली, जिच्याबद्दल मी आजवर कुठे वाचलं नव्हतं. शोधात ‘पायऱ्या’ टाकलं तर निम्म्याच नोंदी यायच्या. नाशिकच्या मुलाने दोन नोंदी शेजारी ठेवल्या, डोळ्यांना दोन्हींत ‘पायऱ्या’ एकसारखं दिसत होतं. आतून मात्र वेगळं. आपला तो अर्धा वळणाचा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, नुक्त्याचा ऱ वापरून किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर ते ठरतं. तिसरे लोक सरळ ‘पायर्या’ लिहून मोकळे होतात. गडकिल्ल्यांच्या साइटवर पायऱ्या, दऱ्या आणि दोऱ्या हे शब्द सापडू नयेत यासारखी दुसरी अडचण नाही! त्याने दोन रात्री जागून सगळ्या नोंदींत पहिल्या दोन्ही तऱ्हा एकसारख्या केल्या, ‘पायर्या’सारखे नेहमीचे शब्द हाताने सुधारले आणि पुढे लिहिला जाणारा मजकूरही आपोआप तसाच साठेल अशी सोय केली. कुठल्याही होस्टिंग कंपनीने हे करून दिलं नसतं. हे आपल्यापैकीच कुणीतरी करावं लागतं.

एक काम मी आधी विसरले होते. सर्व्हर बदलला तरी साइटचं नाव, डोमेन, जुन्याच ठिकाणी नोंदलेलं. आणि ते मंडळाच्या नावावर नव्हतं, आमच्या एका संस्थापक सभासदाच्या वैयक्तिक नावावर होतं. ते २०२० मध्ये गेले. नूतनीकरणाची सूचना त्यांच्या ईमेलवर जात होती आणि मुदत संपायला अकरा आठवडे उरले होते. काका आणि मी ठाण्याला त्यांच्या घरी गेलो. विषय कसा काढावा कळत नव्हतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, ऐकून घेतलं, आत गेल्या आणि यजमानांचा फोन घेऊन आल्या, चालू असलेला. “दर महिन्याला रिचार्ज करते,” म्हणाल्या. “त्यांचे डोंगरातले कुणी कुणी अजून फोन करतात. बंद लागला तर बरं वाटत नाही.” त्याच फोनवर ओटीपी आला. त्या कागदपत्रं घेऊन बसल्या, सह्या केल्या, आणि डोमेन मंडळाच्या नावावर झालं. आता ते सर्व्हरच्या कंपनीकडे नाही, वेगळ्या ठिकाणी आहे, आणि त्याची चावी तिघांकडे आहे.

बॅकअप रोज रात्री ३ ला निघतो आणि दुसऱ्याच कंपनीच्या, दुसऱ्या शहरातल्या साठ्यात जातो. महिन्यातून एकदा एक प्रत काकांच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर. मला वाटलं, झालं. नाशिकचा मुलगा म्हणाला, नाही झालं. त्याने गिटलॅब या प्रोग्रॅमरांचं काम साठवणाऱ्या कंपनीचा प्रसंग सांगितला. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, आणि मग लक्षात आलं की बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयींतली एकही धड चालत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत कुणीतरी हाताने काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. ते सगळं त्यांनी लोकांपुढे उघड मांडलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. कंपनीचा धंदाच हा असून असं होत असेल, तर आम्ही कोण?

म्हणून आम्ही तालीम केली. रिकामा सर्व्हर तासाभराच्या भाड्याने घ्यायचा, बॅकअप उतरवायचा आणि साइट उभी करायची. पहिली तालीम सपशेल फसली. मजकूर आला, फोटो आलेच नाहीत, कारण बॅकअपमध्ये फोटो घ्यायचा पर्याय कुणी लावलाच नव्हता. म्हणजे दीड महिना आम्ही रोज रात्री अर्धाच बॅकअप काढत होतो आणि रोज सकाळी ‘यशस्वी’ असा ईमेल येत होता. ती दुपार मला त्या जुलैच्या रात्रीइतकीच आठवते. दुसऱ्या तालमीला फोटोंसकट सात तास लागले, वाटेत नोंदणीचे ईमेल जाईनात, कारण नव्या सर्व्हरवरून थेट ईमेल पाठवायचं दार बऱ्याच कंपन्या बंदच ठेवतात, त्यासाठी वेगळी सेवा जोडावी लागते. प्रत्येक अडथळा आम्ही मराठीत, पायरीपायरीने, कागदावर लिहीत गेलो. अट एकच, हा कागद वाचून सर्व्हरशी कधी संबंध न आलेल्या माणसाला साइट उभी करता आली पाहिजे.

आता दर तीन महिन्यांनी तालीम होते, आणि दर वेळी माणूस वेगळा. गेल्या वेळी पाळी काकांची होती, वय वर्षं ७१. मी शेजारी बसले होते, पण हात लावायचा नाही असं ठरलं होतं. चष्मा कपाळावर चढवून ते एकेक ओळ कागदावरून वाचत, कीबोर्डवर टाइप करत. चूक झाली की “हं” म्हणून परत वर जात. २ तास १० मिनिटांत भाड्याच्या सर्व्हरवर अख्खी साइट उभी राहिली. खात्री करायला त्यांनी शोधात ‘नळीची वाट’ टाकलं. २००६ सालची त्यांची स्वतःची नोंद निघाली, पाचही फोटो जागेवर.

त्यांनी ती पुरी वाचली. मग म्हणाले, “अगं, हे वरचं टाकं मार्चमध्येच आटतं आता, मी डिसेंबरात गेलो तेव्हा गावातल्यांनी सांगितलं. खऱ्या साइटवर जाऊन बदल ते आधी.” शुक्रवार होता, साडेआठ वाजले होते. मी बदललं.